होडीचा आखाड

परवा क्लासमधे सरांनी सांगितलं की जहाज ही बाई असती. क्लास म्हंजे जहाजावरच्या नोकरीच्या परीक्षेची तयारी, सिडकोत एका मोबाईलच्या दुकानावरचा हॉल, पंचवीस-तीस पोरं, आम्ही तीन पोरी, आणि सर म्हंजे सगळी उमर समुद्रावर काढून आता इथं, जिथून समुद्र दिवसभराच्या वाटंवर हाय, तिथं येऊन बसलेला माणूस. बोलतात दखनीत, मधेच इंग्रजी. म्हणले, जहाज को हमेशा ‘शी’ बोलने का, जुने खलाशी तिला आई समजायचे, कुणी बायको समजायचे, कुणी म्हणतं सारखा रंग लावावा लागतो म्हणून बाई. पोरं लई हसली. मग सर म्हणले की ह्याच खलाशांना जहाजावर खरीखुरी बाई चढलेली चालायची नाय, अपशकून वाटायचा. पुन्हा म्हणले, काही देशांत जहाज हा बाप्या असतो, आणि आता तर काही लोकं तो पण लिहीत नाहीत अन् ती पण नाय, नुसतं ‘ते’ लिहितात. माझं डोकं गरगरायला लागलं. मी हात वर केला आणि विचारलं, सर, ती बाई हाय तर तिचं माहेर कुठं? सगळा हॉल फुटला. सर पण हसले, म्हणले, मायका? जहाँ मरम्मत होती वो गोदी समझो. पुन्हा सगळे हसले. मला मात्र हसू येईना, कारण सरांनी गंमत म्हणून जे सांगितलं ते मी सतरा वर्षांची असताना माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि तवा पण मला त्यातलं धड काय कळलं नव्हतं.

रूमवरची मैत्रीण म्हणती, एकवीस वर्षांची पोरगी कधी आत्मकथन लिहिती का, म्हातारी झाल्यावर लिही. पण तोवर मी विसरले तर? म्हणून आत्ताच टाईप करतीये, बोटं जिकडं पळतील तिकडं.

आमचं घर बिडकीनच्या पुढं आत, धरणाच्या पाण्याच्या कडंला. विटांच्या दोन खोल्या, वर पत्रा, समोर मेंढरांचा वाडा. सकाळी पहिला आवाज मायच्या भाकरी थापण्याचा, मग मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या, मग लांबून कंपनीचा भोंगा. भोंगा झाला की माय म्हणायची, उठ पिंके, कंपनी उठली. चहा शेळीच्या दुधाचा, त्याला एक उग्र वास असतो, बाहेरची माणसं पहिल्यांदा तोंड वाकडं करतात. मला अजून इथं हॉस्टेलचा चहा पचपचीत लागतो. दुपारी ज्वारीची भाकरी, पाट्यावरचा ठेचा, आणि कधी हुलग्याचं माडगं. घरात आम्ही तिघं. दादा म्हंजे माझे वडील, माय आणि मी. अक्का, माझी थोरली बहीण नंदा, लग्न होऊन फर्दापूरला गेली होती. दादांची सत्तर-ऐंशी मेंढरं होती आणि त्यांतली जी जरा वेगळी दिसायची तिला नाव असायचं, काळतोंडी, बांडी, एकीला तर दादा नुसतं ‘बाई’ म्हणायचे. बाई आज खाईना, बाईच्या पायात काटा गेला. दादा माणसांशी कमी आणि तिच्याशी जास्त बोलायचे. हे सांगते कारण पुढं जो घोटाळा झाला त्यात ह्याचा हात होता.

आधी दादा जिथं चारायला न्यायचे तिथं हळूहळू तारा आल्या, मग रुंद रस्ते, मग पाट्या. त्यावर आमच्या घरात कुणी भाषण केलं नाय, कारण आमच्याच भावकीतले दोघं त्या कंपन्यांत कामाला होते. पण मेंढरांना तर खायला पाहिजे. धरणाचं पाणी उतरलं की मधे एक बेट उघडं पडायचं, त्यावर गुडघाभर गवत, आणि तिथं कुणाचं जनावर जायचं नाय कारण मधे पाणी. दादा दोन उन्हाळे त्या गवताकडं बघत बसले. तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी लखू नानाची होडी घेतली.

लखू नाना मासेमारी करायचा. आमच्यापासून कडंकडंनं तासभर चालत गेलं की त्याची वस्ती. दादांची आणि त्याची जुनी दोस्ती, तो आम्हाला मासे द्यायचा, आम्ही त्याला लोकर आणि आखाडात एक बोकड. ती होडी नानानं जवानीत स्वतःच्या हातानं बांधलेली, त्याच्या दोन्ही पोरांच्या आधी. म्हणून तो आणि त्याची बायको काशीमावशी तिला ‘थोरली’ म्हणायचे. दोन्ही पोरं आता प्लास्टिकच्या हलक्या होडीवर जायची, थोरली पडून होती. चार मेंढ्या आणि एक मेंढा देऊन होडी घ्यायची असं ठरलं. म्हंजे जनावराच्या बदल्यात होडी. मला वाटतं सगळ्या गोंधळाचं मूळ तिथंच हाय, कारण दादांच्या डोक्यात हा जनावराचा सौदा होता आणि नानाच्या डोक्यात लगीन.

आमच्यात जनावर विकलं की विकणारा आपलं दावं काढून घेतो. दावं द्यायचं नसतं, दावं दिलं म्हंजे घरची सगळी बरकत दिली. घेणारा आपलं दावं आणतो, गळ्यात बांधतो, झाला सौदा. तर दादा त्या दिवशी लोकरीचं नवं दावं वळून घेऊन गेले. होडी पाण्यात उभी, आणि दादांनी काय केलं, नानाचा दोर सोडला, नीट गुंडाळला आणि नानाच्या हातात दिला. नाना त्या दोराकडं बघतच राहिला. होडी निघाली ना हळूहळू पाण्यात मागं, तवा नानाचा धाकटा पोरगा कमरेएवढ्या पाण्यात पळाला आणि तिला धरून आणलं. मग दादांनी आपलं दावं बांधलं. तोवर काशीमावशीनं मायला बाजूला घेतलं होतं. मावशीचं म्हणणं, हिची ओटी भरा, तुमच्या घरच्या सवाष्णीनं भरल्याबिगर ती निघायची नाय. माय गडबडली. तिनं मावशीच्याच घरातनं गहू, खण आणि नारळ घेतला आणि होडीच्या नाकाडावर हळदकुंकू लावून ओटी भरली. मावशी रडायला लागली. मावशी रडती म्हणून माय पण रडली. नंतर घरी आल्यावर मी मायला विचारलं तू का रडलीस, तर ती म्हणली, मला काय माहीत, सगळे रडत होते.

त्या दिवसापासून नाना दादांना ‘पाव्हणं’ म्हणायला लागला. बाजारात भेटला की रामराम पाव्हणं, काय म्हणती आमची थोरली. दादांना वाटायचं नानाला वयामुळं काहीतरी झालंय.

होडी आमच्या घरी आली खरी पण ती आमची कोण ते ठरंना. दादांनी सगळ्या मेंढरांच्या पाठीवर असती तशी गेरूची खूण तिच्या पाठीवर केली. माय दर शुक्रवारी तिला कुंकू लावायची, सुरू केलंय तर आता मोडायचं कशाला म्हणून. आणि मी? मी तिच्यावर वल्हं मारायला शिकले. दादा बेटावर मेंढरांबरोबर मुक्कामाला, माय घरी, मग त्यांची भाकर-पाणी न्यायचं कुणी? मी. पहिले चार दिवस मी गोल गोल फिरले. खरंच, बेट समोर दिसायचं आणि मी तिथल्या तिथं भोवरा. दादा बेटावर उभे राहून ओरडायचे, अगं उजवं, उजवं. पाचव्या दिवशी ती सरळ निघाली आणि मला असं वाटलं, आता कसं सांगू, असं वाटलं की ती म्हणतीये, बरं चल. तेव्हापासून मला दुसरं काय सुचंना. कॉलेजात बसले तरी हाताच्या तळव्याला वल्ह्याचा गरमपणा लागायचा. आज मी ज्या क्लासला बसते, ज्या परीक्षेसाठी रट्टा मारते, ते सगळं त्या पाचव्या दिवसामुळं. घरात तवा माझ्यासाठी पण स्थळं बघायची बोलणी निघायची, पण होडी आल्यावर दादाच म्हणायचे, हिला दिली तर होडी कोण चालवंल. म्हंजे ती होती म्हणून मी होते.

अक्काचा फोन रविवारी यायचा. ती आधी मेंढरांची खुशाली विचारायची, मग आमची. काळतोंडी व्याली का, बाईचा पाय बरा हाय का. मी तिला होडीचं सांगायचे, ती हसायची, म्हणायची, मी आल्यावर मला बसव. कधी येतीस म्हणलं की म्हणायची, न्यायला आलं की. आमच्यात आखाड लागला की नवी लेक माहेरी आणतात. बाप नायतर भाऊ जातो, घेऊन येतो, माय कापण्या तळती, महिनाभर लेक नुसती झोपती. पहिल्या आखाडाला दादा म्हणले, मेंढरं कुणावर टाकू? अक्काला भाऊ नाय. चुलते म्हणले जमलं तर जातो, त्यांना जमलं नाय. दुसऱ्या आखाडालाही तेच. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता, जावईबापू पण चांगला, गाडी चालवतो. फक्त कुणी गेलं नाय. मला तवा त्यात काय चूक वाटली पण नव्हती, हे आज लिहिताना लई वाईट वाटतंय.

तर तो दुसरा आखाड. पावसाचा पत्ता नव्हता. कातरणीसाठी मेंढरं अलीकडं आणली होती आणि दादा लोकर घेऊन पैठणला गेले होते. माय कापण्या तळत होती, घरभर गूळ आणि तेलाचा वास. तेवढ्यात नाना आणि त्याचा धाकटा पोरगा आले. नानानं डोक्याला नवी टोपी घातली होती. बसला, पाणी प्याला, चार कापण्या खाल्ल्या, आणि म्हणला की आखाड लागला, थोरलीला नेतो. मायला वाटलं डांबर लावायला नेत असंल, उन्हानं फळ्या उकलल्याच होत्या. ती म्हणली न्या की. नानानं आपल्या बरोबर तो जुना दोर आणला होता, तोच, दादांनी परत दिलेला. त्यानं दादांचं लोकरीचं दावं सोडलं, खुंटीला नीट गुंडाळून ठेवलं, आपला दोर लावला आणि होडी घेऊन गेला. जाताना मायला म्हणला, पाव्हण्यांना सांगा, वाट बघतो. मायनं दादांना एवढंच सांगितलं की नाना होडी घेऊन गेला. वाट बघतो म्हणला हे ती विसरली, कारण तिला त्याचा अर्थच लागला नव्हता.

दादा आले आणि त्यांनी खुंटीवर आपलं दावं बघितलं. मी त्यांचा चेहरा इतका पडलेला कधी बघितला नाय. आमच्या हिशोबानं विकणारा आपलं दावं घेऊन दारात आला आणि तुमचं सोडून ठेवून गेला म्हंजे सौदा मोडला. तोंडानं बोलायची पण गरज नाय. दादा खाली बसले, ते दावं हातात घेतलं आणि म्हणले की लख्यानं मला सांगायचं तरी होतं. मी म्हणलं जाऊन विचारू, तर म्हणले, मी जाणार नाय, सौदा त्यानं मोडला, मेंढ्या घेऊन त्यानं यायचं. आणि वाट बघत बसले.

नाना काय मेंढ्या घेऊन आला नाय. आठ दिवस गेले, पंधरा गेले. बेटावरचं गवत इथनं हिरवंगार दिसायचं आणि इकडं मेंढरं बाभळीच्या शेंगा खाऊन दिवस काढायची. बाजारात नाना दिसला तर दादांनी रस्ता बदलला. आणि मायनं बघितलं की नानानं पण तोंड फिरवलं. आखाड संपला, श्रावण लागला. दादांनी एक दिवस जेवताना सांगितलं की पोळ्याच्या आत निम्मी मेंढरं काढावी लागतील. त्याच ताटावर माय म्हणली, मग पिंकीचं पण बघून टाकू, शिल्लेगावचं स्थळ अजून थांबलंय. मला तवा मेंढरांचं वाईट वाटायला पाहिजे होतं, पण खरं सांगते, मला फक्त होडी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाते म्हणून निघाले आणि कडंकडंनं चालत नानाच्या वस्तीवर गेले. डोक्यात भांडायची सगळी तयारी. लांबूनच मला ती दिसली. लिंबाच्या सावलीत, लाकडाच्या ओंडक्यांवर उभी केलेली, डांबर असं चकाकणारं की त्यात लिंबाचा पाला दिसावा, नाकाडाला हिरव्या बांगड्या बांधलेल्या, आणि समोर पत्रावळीवर कापण्या. मी तिथंच थांबले. भांडायचं काय ते विसरूनच गेले. काशीमावशी जाळं निवडत बसली होती. तिनं मला बघितलं, उठली नाय, ये पण म्हणली नाय. मी म्हणलं, मावशी, आमची होडी का आणली?

मावशी म्हणली, “आखाडाला लेक माहेरी आणत नाहीत व्हय तुमच्यात?”

मी म्हणलं आणतात. ती म्हणली, “मग महिना झाला की न्यायला येतं का नाय सासरचं कुणी? नागपंचमी झाली. नाना रोज वाटंवर बसतो. आमची टाकली का तुमच्या बापानं?”

मला आधी हसू आलं आणि मग एकदम भीती वाटली, कारण ती मस्करी करत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला दाव्याचं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग कपाळाला हात लावला आणि म्हणली की बाई, आम्ही काय शेळी विकली का. मग नानाला हाक मारली. नाना आला, त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि तो एवढंच म्हणला की म्हणून त्या दिवशी माझ्या हातात दोर दिला होता व्हय. मला वाटलं तुझा बाप पोरीचं माहेरचं काहीच नको म्हणतोय.

मी घरी पळत आले. एवढा तासाचा रस्ता, मधे दोनदा चप्पल तुटली. दादांना सांगितलं तर त्यांना आधी पटंचना. होडीला कसलं माहेर, म्हणले. माय मात्र चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणली, तरीच मला ओटी भरायला लावली. आणि मग तिला आठवलं की नाना वाट बघतो म्हणला होता. दादा तिच्याकडं असे बघत राहिले की माय उठून बाहेरच गेली.

सोमवारी आम्ही तिघं गेलो. दादांनी इस्त्रीचा सदरा घातला, मायनं खण-नारळ आणि पुरणाच्या पोळ्या घेतल्या. नानानं दादांना मिठी मारली, दोघं पण एकमेकांना मूर्ख म्हणले आणि हसले. चटई टाकली. चहा ठेवला. मला वाटलं झालं, आता अर्ध्या तासात मी वल्ह्यावर. मावशी कपात चहा ओतता ओतता सहज विचारायला लागली, लेकी-सुनांचं विचारतात तसं. नंदी आली असंल की आखाडाला, जाड झाली का वाळली. दादा म्हणले, नाय, यंदा जमलं नाय. मावशी म्हणली, मग गेल्या साली आली असंल. दादा म्हणले, तवा पण नाय, मेंढरं होती ना.

मावशीनं किटली खाली ठेवली. दादांचा कप अर्धाच भरला होता.

“दोन साल झाली लेक देऊन आणि तुमी एकदा बी आणली नाय?” तिनं मायकडं बघितलं. माय चटईची काडी उपसत होती. “मग मी माझी कशी पाठवू, भाऊ? ज्याला पोटची आठवंना त्याला माझी काय आठवणार?”

नाना अगं अगं करायला लागला. दादांचे कान लाल झाले. ते उभे राहिले आणि म्हणले, “लाकूड हाय ते, वहिनी. लाकूड.”

“लाकूड हाय तर दुसरं बघा,” मावशी म्हणली आणि जाळं घेऊन बसली.

परत येताना मी दादांवर चिडले, मावशीवर पण चिडले, आणि माझ्यावर पण, कारण माझ्या डोक्यात एकाच वेळी दोन गोष्टी भांडत होत्या. एक म्हणत होती ही म्हातारी वेडी हाय, फळ्या आणि खिळ्यांसाठी जित्या माणसाला बोलती. दुसरी म्हणत होती की ती फळ्या-खिळ्यांना जेवढं विचारती तेवढं आम्ही अक्काला विचारलं नाय. आज सर म्हणतात ना, ती म्हणायचं का ते म्हणायचं, जगात त्यावर वाद चाललाय, तर मला वाटतं काय म्हणता त्यानं काय होतं? दादा त्या मेंढीला तोंड भरून बाई म्हणायचे आणि पोळ्याच्या आत विकायला पण निघाले होते. मावशी होडीला लेक म्हणायची आणि तसं वागायची. पण पुन्हा असं पण वाटतं की मावशीला खरी लेक असती तर? मला अजून कळलेलं नाय. तुम्हाला कळलं तर सांगा.

दुसऱ्या दिवशी दादा भोंग्याच्या आधी उठले. मायला म्हणले, मेंढरं तू बघ. आणि मला म्हणले, चल पिंके, तुला बस कळतात. मायनं राहिलेल्या कापण्यांचा डबा आणून माझ्या हातात दिला. बिडकीनहून संभाजीनगर, तिथनं सिल्लोड, तिथनं फर्दापूर. दादांना बसची सवय नाय, फुलंब्रीच्या पुढं त्यांना मळमळायला लागलं, पण ते खिडकीकडं तोंड करून नुसते बसून राहिले. मी म्हणलं अक्काला फोन करते, तर नको म्हणले. मी विचारलं, दादा, तुम्ही होडीसाठी चाललात का अक्कासाठी? ते म्हणले, गप बस.

अक्का दारात भांडी घासत होती. दादांना बघितलं आणि तिच्या हातातलं पातेलं तसंच राखेत राहिलं. उठली नाय, रडली नाय, नुसती बघत बसली. तिची सासू बाहेर आली, म्हणली या, बसा, आणि पाणी देता देता म्हणली की दोन साल आम्ही लोकांना सांगत होतो, हिचं माहेर लांब हाय म्हणून. टोमणा होता पण आवाज टोमण्याचा नव्हता. अक्कानं पाच मिनिटांत पिशवी भरली. एवढ्या लवकर पिशवी कशी भरली ते मला नंतर तिनंच सांगितलं, तिनं ती पहिल्या आखाडापासून अर्धी भरूनच ठेवली होती.

दोन दिवस ती झोपली. मायनं श्रावणात पुन्हा कढई ठेवली आणि कापण्या तळल्या. अक्का उठायची, खायची, मेंढरांत जाऊन प्रत्येकीच्या तोंडावरनं हात फिरवायची, पुन्हा झोपायची. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे नानाकडं गेलो. मावशीनं होडी अडवून धरलीये हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं, ना मी, ना दादांनी. मी सांगणार होते, पण कसं सांगू ते जुळंना. मावशीनं अक्काला जवळ घेतलं, तोंडावरनं हात फिरवून बोटं कडाकडा मोडली, आधी तिची ओटी भरली, मग मायला म्हणली आता आपल्या सुनंची भरा. नानाच्या दोन्ही पोरांनी होडी पाण्यात लोटली. ह्या वेळी दादांनी नानाचा दोर सोडून परत दिला नाय. नाना म्हणला राहू द्या पाव्हणं, आणि दादांनी पण आपलं दावं काढून त्याच्या शेजारी दुसरं बांधलं, म्हंजे तिला आता दोन झाली.

निघताना मावशी अक्काला म्हणली, “तू आलीस म्हणून हिला सोडते गं बाई. नायतर तुझ्या बापाला मी काय दिली नसती.”

अक्का हसली. मग हसता हसता थांबली.

माय नानाच्या पोराच्या गाडीवर घरी गेली, मेंढरांसाठी. होडीत आम्ही तिघं. मी वल्ह्यावर, दादा माझ्यासमोर, अक्का पुढं नाकाडापाशी, पाण्यात हात सोडून. एवढ्या दिवसांनी वल्हं हातात आलं होतं, मला गाणं म्हणावं वाटत होतं. डांबराचा वास, पाणी एकदम शांत, लांबवर बेट. बरंच आत आल्यावर अक्कानं हात पाण्यातनं काढला, पदराला पुसला आणि दादांकडं वळली.

“दादा, तुमी मला ह्या होडीपायी आणलं का?”

मी वल्हं मारायची थांबले. मला वाटलं दादा आता नाय म्हणतील, म्हणायला काय जातं, आणि अक्काला पण तेच ऐकायचं असंल. दादा होडीच्या तळाकडं बघत होते. होडी आपोआप थोडी फिरली, ऊन त्यांच्या तोंडावर आलं.

“व्हय,” दादा म्हणले.

मी अक्काकडं बघायला भीत होते, तरी बघितलं. ती रागावलीये का रडतीये मला ठरवता येईना, आणि ती परत गेल्यावर पण कितीतरी दिवस ठरवता आलं नाय. तिनं होडीच्या कडंवर, त्या नव्या डांबरावर, हात ठेवला, मेंढराच्या पाठीवर ठेवते तसा. मग म्हणली, “मग मावशीला सांगून ठेवा. म्हणावं, फुडल्या आखाडाला बी हिला अशी फुकट सोडू नको.”